मृत रोपांची यादी

२ मार्च

दोनशे चौदा! सहाशे बारा झाडांपैकी फक्त दोनशे चौदा जिवंत, असं ॲप म्हणतं. म्हणजे तीनशे अठ्ठ्याण्णव मेली. गेल्याच आठवड्यात मी स्वतः सगळ्या गल्ल्या फिरून आले. मेलेली पाच-सहा असतील. यांनी तीनशे अठ्ठ्याण्णव कुठून आणली?

संघपालचा फोन आला तेव्हा चहा गाळत होते. आवाजच वेगळा होता त्याचा. “ताई, पस्तीस टक्के दाखवून राह्यलं. पस्तीस!” संस्था त्याची, पण आकडे आणि अहवाल माझ्याकडे. पेपरच्या जिल्हा कार्यालयात सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे वॉर्डात काही लिहायचं निघालं की ते माझ्याच दारात येतं.

दुपारपर्यंत उलगडा झाला. फोटो फेब्रुवारीच्या शेवटी काढले होते. ॲप फोटोत हिरवा रंग शोधतं. सापडला तर जिवंत, नाही सापडला तर मृत. आणि रस्त्याकडेला आम्ही लावलंय काय — बहावा, शिवण, मोह, बेहडा, काटेसावर. आपल्या जंगलातली झाडं, इथलं ऊन सोसतील म्हणून मुद्दाम निवडलेली. या दिवसांत त्यांची पानं झडतात. झडणारच! हिरवी दिसली ती दोनशे चौदा जांभळं, लोकांच्या अंगणांतली, घरच्या पाण्यावरची.

पण अट अट आहे. मुंबईच्या ज्या फाउंडेशनने झाडं दिली, त्यांचं म्हणणं: ३१ मार्चपर्यंत पंचाहत्तर टक्के झाडं जिवंत दिसली तर एप्रिल ते जून पाण्याचा टँकर चालू राहील. नाही दिसली तर बंद. जुलैत लावलेली झाडं, त्यांचा हा पहिला उन्हाळा. तोही चंद्रपूरचा. टँकर थांबला तर जूनपर्यंत रस्त्याकडेचं एकही उभं राहणार नाही.

४ मार्च

ठमाबाईंकडे गेले. झाडांना पाणी घालणाऱ्या सात जणींच्या त्या पुढारी. सत्तरीला आलेल्या, मूळच्या सावली तालुक्याकडच्या, आता विहारामागच्या गल्लीत राहतात. ॲपचं सांगितलं तर हसायलाच लागल्या.

“मोहाले पान नसते तवाच फूल येते. मंग त्या फोटोवाल्याले अख्खं जंगल मेलेलं दिसत असंल!”

मी म्हटलं, हसू नका, पाणी बंद होईल. तेव्हा उठल्या. मला मनगटाला धरून गल्लीत नेलं. शिवणीच्या काडीवर अंगठ्याचं नख टेकवून साल इतकीशी खरवडली. आत ओलं, पोपटी. “हे पाय. जिती आहे का नाई? याचा फोटो काऊन काढत नाई तुमी?”

दुसरं झाड, तिसरं. मग मीही खरवडायला लागले. दोघींनी मिळून शंभरेक पाहिली. त्यात सुकी निघाली दोन. अंगठ्याचं नख हिरवं झालं माझं.

सगळ्याचा व्हिडिओ काढलाय. उद्या पाठवते. हे पाहिल्यावर कोणालाही कळेल.

६ मार्च

कळलं त्यांना. उपयोग नाही.

फाउंडेशनकडून आमचं काम दिव्यानी पाहते. तिशीची मुलगी, वरोऱ्याची, आता मुंबईत असते. व्हिडिओ दोनदा पाहिला म्हणाली. “नूतनताई, मला समजतंय. आमच्या अंगणात बेहडा होता, मी काय पाहिलं नाही का? पण पद्धत मध्येच बदलता येत नाही. एकवीस शहरांना एकच ॲप आहे. तुमचं खरवडलेलं चालवलं तर उद्या कोणी मेलेल्या काडीला रंग लावून व्हिडिओ पाठवेल.”

तिचं चूक कसं म्हणू? फाउंडेशनला पैसे देणारे निराळेच — कंपन्या, मोठी घराणी. त्यांना वर्षाच्या शेवटी आकडा लागतो. किती लावली, किती जगली, हवेतला किती कार्बन ओढणार. जुलैत ते लोक आले होते इथे. हिरव्या टोप्या, हिरवे टी-शर्ट, प्रत्येकाच्या हातात एक रोप. मनापासून लावली त्यांनी, खोटं कशाला बोलू! एक बाई तर रोपाला नमस्कार करून गेल्या. लावायला पुष्कळ जण देतात. पाण्यासाठी मागायला गेलं की माणसं घड्याळ बघतात. पंचेचाळीस डिग्रीत बादली धरून फोटो कोणाला काढायचा असतो?

फोन ठेवता ठेवता दिव्यानी म्हणाली, “मेलेल्यांच्या जागी नवीन लावली असतील तर ती मोजता येतात हं. अहवाल वीस तारखेपर्यंत द्या.”

९ मार्च

ठमाबाईंना विचारलं, वीस तारखेपर्यंत बहाव्याला पान येईल का? म्हणाल्या, “त्याले सांगून पाहा. तुमचं आयकते का.”

११ मार्च

संघपाल आला. बसलाही नाही, दारातूनच — “ताई, नांग्या भरू.”

शेतात बी उगवलं नाही की तिथे परत लावतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. याचा बेत असा: तीनशे अठ्ठ्याण्णव खड्ड्यांत जुन्या झाडाच्या शेजारीच नर्सरीतलं एकेक गर्द पानांचं रोप लावायचं. जुनं मागे तसंच उभं. फोटो हिरवा येईल, टँकर चालू राहील, पाणी दोघांनाही मिळेल. “कोनाचं काय जाते?”

मी विचारलं, अहवालात काय लिहू? शेजारी लावलं असं लिहिता येत नाही. जुनं मेलं म्हणून नवं लावलं, असंच लिहावं लागेल.

“मंग लिहा तसं. झाडाले वाचता येते का?”

हसले मी. हसले!

१३ मार्च

लिहिलं. “३९८ रोपे मृत आढळल्याने ती काढून त्या जागी नवीन रोपे लावण्यात आली.” सोबत यादी जोडली. गल्ली, खड्ड्याचा क्रमांक, झाडाचं नाव. वर शीर्षक — मृत रोपांची यादी. एकाही खड्ड्याची चूक नाही तीत, दोनदा तपासली.

लिहिताना हात अडखळला नाही, याचंच नवल वाटतंय. पेपरात असताना एखादा शब्द खटकला तरी रात्रपाळीच्या संपादकाशी भांडायची मी. आता वाटतं, तीन महिन्यांचं पाणी आहे, त्यापुढे एक ओळ काय.

उद्या होळीची सुट्टी, सोमवारपासून लागवड. मी सोमवार-मंगळवार गडचिरोलीला, बचत गटांच्या प्रशिक्षणाला. संघपाल बघतो म्हणालाय.

१९ मार्च

लिहवत नाही. लिहिते.

सकाळी गडचिरोलीच्या एसटीतून उतरले ती सरळ वॉर्डात गेले. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी काड्यांचा ढीग. वाटलं कोणी सरपण आणून टाकलंय. जवळ गेले तर शिवण. बेहडा. मुळांसकट! काही मुळांची माती ओली होती अजून.

पुढच्या गल्लीत नर्सरीवाल्याची चार माणसं सब्बल, म्हणजे पहारी, घेऊन. मी ओरडले. त्यांचा म्होरक्या सुकलू, साधा माणूस, घाम पुसून खिशातून कागद काढतो. माझी यादी. खड्डे सापडावेत म्हणून संघपालने दिलेली. “शेजारी लावा” असं सांगितलं होतं, अशी शपथ घेतो संघपाल; स्वतः दोन दिवस नर्सरीत रोपं भरून देत होता. सुकलू म्हणतो, कोणी सांगितलं नाही.

“यादीत मेलेलेच लिवून आहे ना, मॅडम. मेलेलं ठेवून काय करता?”



दोन दिवसांत तीनशे एक उपटली. विहारामागच्या दोन गल्ल्या तेवढ्या राहिल्या. सत्त्याण्णव झाडं.

ठमाबाई ढिगापाशी बसल्या होत्या. एकेक काडी उचलायची, नखाने खरवडायची, बाजूला ठेवायची. मी शेजारी बसले तरी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, “काल मी आडवी झाली त्याइले. म्हनलं, जिती आहेत. तर तो कागद दाखवते. मले वाचता येत नाई, बाई. कोनं लिवलं म्हनलं तर म्हने, नूतन मॅडमनं. मंग मी बाजूले झाली. म्हनलं, मॅडमनं लिवलं तर पाहूनच लिवलं असंल.”

२० मार्च

तीस-चाळीस परत लावून पाहिली. सब्बलने मुळं चिरली आहेत, दोन दिवस उन्हात पडली होती. नाही धरणार. ठमाबाई माती दाबत होत्या.

संघपाल रडला. मोठा माणूस, रस्त्यात उभा राहून. मी म्हटलं, फाउंडेशनला आत्ता कळवू. तो म्हणाला, “कळवा. पाणी बंद होईल, मंग राहिलेले सत्त्याण्णवबी जातील. तेवढे तर वाचू द्या, ताई.”

नाही कळवलं. अहवाल होता तसाच पाठवला.

२९ मार्च

मंजूर. ॲपमध्ये चौऱ्याऐंशी टक्के! दिव्यानी फोनवर अक्षरशः उड्या मारत होती. “ताई, बोर्डात तुमचा अहवाल सगळ्यांना आवडला. इतकी स्वच्छ यादी कोणीच देत नाही म्हणाले.”

घरी सुनिलने पेढे आणले. बायकोचं काम झालं म्हणून. त्याला सगळं सांगायला हवं होतं. एक पेढा खाल्ला.

७ एप्रिल

ठमाबाई रोज येतात, पाणी घालतात, जातात. माझ्याशी बोलत नाहीत.

११ एप्रिल

पारा त्रेचाळीस. नवी रोपं करपली. नर्सरीच्या हिरव्या जाळीखाली, रोज फवारा खाऊन वाढलेली बिचारी! इथल्या डांबरी रस्त्याच्या कडेला जेमतेम तीन आठवडे टिकली. पानं हातात घेतली की चुरा होतो. रोशन टँकर आणतो, बायका पाइप धरून आळं भरतात, आणि पाणी मेलेल्या रोपाच्या बुडाशी जाऊन मुरतं. रोशन म्हणतो, “मॅडम, हे तर पापड भिजवून राह्यलो आपन.”

उपटलेल्यांच्या जागी हे. यांच्यासाठी ते.

घरचा कूलर दिवसाला ऐंशी लिटर पितो. आज बंद ठेवला. सुनिलला उष्म्याने चक्कर आली, परत लावला.

१४ एप्रिल

जयंती. रोशनची सुट्टी, पण पहाटे पाचला टँकर लावून मगच गेला मिरवणुकीला. सातही जणींनी अंधार असतानाच पाणी घातलं, मग घरी जाऊन पांढऱ्या साड्या नेसून आल्या.

विहारात बुंदी वाटत होते. ठमाबाई समोर आल्या. मी जयभीम म्हटलं. जयभीमला जयभीम म्हणावंच लागतं. तेवढं म्हणाल्या.

परतताना विहारामागच्या गल्लीत डोकावले. मोहाला तांबूस पालवी! शिवणीलाही. बेहड्याच्या टोकाला करंगळीएवढे कोंब. सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव जागी झाली आहेत. पंधरा-वीस दिवसांत सगळी हिरवी होतील, ॲपलाही दिसतील.

तीनशे एकही झाली असती. एप्रिलच्या चौदा तारखेला. आम्हाला मार्चची घाई होती.

१७ एप्रिल

मेल आला. सोबत एक पानी कार्यपद्धती. चंद्रपूरचा अनुभव चांगला आल्याने तीच पद्धत राजुरा, वरोरा आणि गडचिरोलीत वापरायची. तिसरं कलम: “फेब्रुवारीच्या छायाचित्रांत पर्णहीन आढळलेली रोपे मृत समजून प्रथम काढून टाकावीत व त्या जागी सदाहरित रोपे लावावीत.” खाली कंसात — संदर्भ: चंद्रपूर अहवाल.

तिन्ही गावांची मिळून चौदाशे झाडं. राजुऱ्याचं काम सोमवारी सुरू. आज गुरुवार.

राजुऱ्याच्या संस्थेतल्या इंदुताईंना लगेच फोन लावला. ओळख आहे जुनी. सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हटलं, ती झाडं जिवंत असतील, उपटू नका. त्या म्हणाल्या, “मलेबी तसंच वाटते हो. पन वरून लेखी आलं आहे. तसंच लेखी थांबवा म्हणून येऊ द्या, त्या मिनिटाले थांबवतो. तुमच्या तोंडच्या शब्दावर थांबवलं तर आमचं पानी बंद करतील.”

आमचं पाणी. सगळीकडे तेच.

दिव्यानीला फोन केला. तिला मात्र सगळं सांगितलं. पहिल्यापासून.  ती एकदम वरोऱ्याचंच बोलायला लागली — “ताई, काऊन केलं हो असं? मले विचारायचं तरी!” सावरून म्हणाली, “माझ्या सांगण्याने थांबणार नाही. कार्यपद्धती बोर्डाने काढली आहे. तुम्ही अहवाल खोटा होता असं लेखी दिलं तर थांबेल. पण मग नियम आहे. खोटा अहवाल निघाला की तुमचं सगळं त्याच दिवशी बंद. सत्त्याण्णवचंही.”

१८ एप्रिल

तिकडे चौदाशे. इकडे सत्त्याण्णव. शाळेतल्या पोरालाही सुटेल असं गणित आहे. पण राजुऱ्याची झाडं मी पाहिलेली नाहीत. या सत्त्याण्णवांना हात लावलाय मी, एकेकाला. आणि पाणी बंद म्हणजे सात जणींचं कामही बंद. ते माझं एकटीचं कसं ठरवू?

संघपालशी बोलले. आधी चिडला. “तुमी मोठ्या मनाच्या व्हाल आनि झाडं आमचे मरतील.” बरोबरच आहे त्याचं. मग उशिराने म्हणाला, “राजुऱ्याची माझी सोयरीक आहे. उद्या तिथी काय तोंड दाखवू? द्या लिहून. पन सही दोघांची राहील. यादी तुमची, पन दिली मी होती.”

मग ठमाबाई. पहिल्यांदा दारातून आत बोलावलं त्यांनी, महिन्याभरानंतर. सातही जणी होत्या. सगळं सांगितलं. त्यातली एक, सोमारी, सरळ म्हणाली, “म्हंजे उद्यापासून आमी घरी?” मी हो म्हटलं.  

ठमाबाईंनी विचारलं, “तिथीबी असेच लावले आहेत? शिवण, मोह?”

“हो.”

“तुमी लिहू लिहू मारलं, बाई. आता लिहूनच वाचवा. आमाले काय विचारता.”

१९ एप्रिल

पाठवलं. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.

सात ओळी झाल्या. सव्वीस वर्षांत इतकं लहान काही लिहायला इतका वेळ लागला नव्हता. “चंद्रपूर येथील ३९८ रोपे, पाच-सहा वगळता, मृत नव्हती. ती मृत असल्याचे मी लिहिले, ते खोटे होते.” दिलगिरी वगैरे घातली होती, काढून टाकली. खाली दोन सह्या. प्रत इंदुताईंना.

२१ एप्रिल

इंदुताईंचा फोन, सकाळी आठला. थांबवलं! माणसं सब्बल घेऊन आली होती, परत पाठवली. एकही काढलं नाही. वरोरा, गडचिरोलीलाही कळवलंय म्हणे.

अकराला फाउंडेशनचं पत्र. चंद्रपूरचं सहकार्य तत्काळ प्रभावाने थांबवण्यात येत आहे. दोन ओळी. भाषा सभ्य. रोशनला टँकर जमा करायला सांगितलंय. तो आज दुपारची फेरी न विचारता मारून आला, मगच चावी दिली.

२३ एप्रिल

दिव्यानीचा मेसेज. तिची बदली झाली, दुसऱ्या कामावर. माझ्यावर राग नाही म्हणते. असायला हवा होता.

महापालिकेच्या पाणी विभागात गेले. तिथला साहेब जुन्या ओळखीचा, पेपरच्या दिवसांतला. चहा पाजला. “मॅडम, सात वॉर्डांत प्यायला टँकर चालू आहेत. झाडाले देऊ का मानसाले? तुमीच बातमी लावाल माझी.” खरंच लावली असती.

विहाराच्या कमिटीने बोअर वापरू दिली. दोन दिवस चालली.

२५ एप्रिल

पारा चव्वेचाळीस पॉइंट आठ. बोअर हवा फेकते. रस्त्याच्या दोन बाजूंना सत्त्याण्णव झाडं, सगळी पानांवर आलेली, आणि दुपारी बाराला सगळी पानं चिंधीसारखी खाली. सकाळी थोडी उठतात. काल जेवढी उठली तेवढी आज नाही.

वॉर्डातल्या बायका भांडी घासलेलं पाणी आणून टाकतात. एका झाडाला एक तांब्या. पाऊस लागायला अजून पन्नास दिवस. पान जितकं जास्त तितकं झाड पाणी मागतं. आधी पान नाही म्हणून मारली, आता पान आहे म्हणून मरतायत. डोकं चालत नाही माझं. कुठल्याही बाजूने लिहून पाहिलं तरी ओळ तिथेच येऊन थांबते.

२६ एप्रिल

सकाळी ठमाबाई स्वतः घरी आल्या. पहिल्यांदाच. पाणी पिऊन बसल्या, मग सांगितलं.

लग्नाआधी त्या वनखात्याच्या रोपवाटिकेत होत्या, सावलीकडे. तिथे सागाच्या जड्या करत. रोप वर्षाचं झालं की वरचं सगळं छाटायचं, बोटभर खुंट ठेवायचा, खाली मूळ. ती नुसती काडी वाळूत पुरली तरी पावसापर्यंत जीव धरते. वर पान नाही तर पाणी मागणार कोण? आपली सत्त्याण्णवही तशीच छाटायची, असं त्यांचं म्हणणं.

“पन ते साग होतं,” मी म्हटलं. “ही शिवण, मोह, बहावा. जमिनीत उभी आहेत.”

“म्हनून तं म्हनत नाई मी की जगतील. मले मालूम नाई, बाई. सागाचं मालूम आहे. शिवन फुटते, तिले मी पाह्यलं आहे. मोहाचं सांगता येत नाई.” थांबल्या. “असं ठेवलं तं आठ दिवस. तेवढं मात्र पक्कं मालूम आहे मले.”

मी विचारलं, मग उपटलेल्यांचं तेव्हाच का नाही केलं असं? विचारल्यावर जीभ चावली. त्या म्हणाल्या, “त्याइच्या मुळ्या चिरल्या होत्या. पाह्यलं होतं मी. एकेक करून.”

मग निघताना — “सोमारीचा दीर धानाची तणीस देतो म्हने, खुंटाभवती झाकाले. इळे-कोयते आमचे आहेत. तुमी या सकाळी. हातमोजे आना, नाईतर फोड येतील तुमाले.”

संघपालला कळवलं. तो म्हणाला, लोक काय म्हणतील, ताई? झाडं लावणारे, आनि हिरवी झाडं कापून राह्यले!

२७ एप्रिल

सकाळी साडेआठपर्यंत सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव कापली. पालवीसकट, बोटभर खुंट ठेवून. पहिली शिवण ठमाबाईंनी माझ्या हाताने कापवून घेतली.